पहारेकऱ्यांची उपेक्षा

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित कुटुंबांत जाण्याचा प्रसंग आला. घरची कन्या एम. बी. बी. एस. झालेली, पुढील पदवीसाठीं तिनें नुकतीच शाखा निवडली होती. प्रसंग वास्तविक आनंदाचा. परंतु दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच आम्हांस वाटलें कीं आपण चुकून समाचारास आलों आहों. चौकशी करतां समजलें तें असें कीं, मुलीनें मेडिसिन घेतलें नाहीं, क्ष-किरणांची शाखा घेतली नाहीं, त्वचारोगांचीही घेतली नाहीं. तिनें घेतली ती ‘कम्युनिटी मेडिसिन’, जिला जुन्या पिढींतील डॉक्टर अजून ‘पी. एस. एम.’ म्हणतात. गुण कमी पडले असते तर मंडळींनीं दैवाला बोल लावून मनाची समजूत तरी घातली असती. पण गुण उत्तम होते आणि शाखा तिनें आपण होऊन घेतली होती; नेमकें तेंच सर्वांना खुपत होतें. तिच्या आत्याबाई म्हणाल्या, “एवढें शिकून शेवटीं गटारें तपासणार कीं काय?”

यजमानांना त्या दिवशीं पडसें झालें होतें. त्यांनीं बोलतां बोलतां टेबलाच्या खणांतून अझिथ्रोमायसीनची पट्टी काढली, एक गोळी पाण्याबरोबर घेतली, आणि “कालपासून सुरू केली आहे, तीन दिवसांचा कोर्स,” असें सांगून मुलीच्या भवितव्याची चिंता पुढें चालू केली. डॉक्टरांना विचारलें होतें काय, असें आम्हीं विचारलें. ते हंसून म्हणाले, “डॉक्टर तरी दुसरें काय देणार होते?”

आत्याबाईंचा तो प्रश्न आणि यजमानांची ती गोळी ह्या वरवर पाहतां निरनिराळ्या गोष्टी आहेत. आमच्या मतें त्या एकाच रोगाचीं दोन लक्षणें आहेत, आणि तो रोग आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाचा आहे. कित्येक वाचकांस हें बोलणें कटु वाटेल. वाटो.

प्रथम गोळीचा विचार करूं. पडसें विषाणूंमुळें होतें. अझिथ्रोमायसीन हें जीवाणूंवरचें औषध. विषाणूला त्याची वार्ताही लागत नाहीं. मग गोळी पोटांत जाऊन करते काय? आपल्या आंतड्यांत, घशांत, त्वचेवर कोट्यवधि जीवाणु कायमचे वस्तीस असतात; बहुतेक निरुपद्रवी, कांहीं तर उपकारी. एवढ्या अफाट प्रजेंत एखादा असा निपजतोच कीं, त्याच्या ठेवणींत दैवयोगानें पडलेल्या अल्पशा फरकामुळें त्या औषधाची मात्रा त्याच्यावर चालत नाहीं. एरवीं गर्दींत ह्या एकट्याला विचारतो कोण? पण गोळीनें भोवतालचे सर्व मारले म्हणजे मोकळें रान त्यालाच मिळतें. शिवाय जीवाणूंच्या जगांत वारसा केवळ बापाकडून मुलाकडे जात नाहीं. औषधाला दाद न देण्याची विद्या ते शेजाऱ्यालाही देऊन टाकतात, आणि शेजारी निराळ्या जातीचा असला तरी त्यांना त्याचा विटाळ होत नाहीं! म्हणून आज निरुपद्रवी जंतूनें मिळविलेली विद्या उद्यां घातक जंतूच्या घरीं पोहोंचते. यजमानांची गोळी त्यांच्या पडशाला लागू पडली नाहीं हें खरें; पण ती फुकट गेली असें मात्र कोणी समजूं नये. तिनें आपलें काम केलें.

हें ज्ञान कालपरवांचें नाहीं. १९२८ सालीं पेनिसिलिन शोधून काढणाऱ्या फ्लेमिंग साहेबांनीं १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत एका कल्पित गृहस्थाची कथा सांगितली. त्याचा घसा दुखूं लागतो. तो आपल्याच मतानें पेनिसिलिन विकत आणतो. जंतु मरण्याइतकें घेत नाहीं, पण जंतूंना तें पचविण्याचें शिक्षण मिळेल इतकें मात्र घेतो. पुढें तेच जंतु त्याच्या पत्नीला जातात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाहीं आणि ती मरते. फ्लेमिंग साहेबांनीं विचारलें कीं, ह्या मृत्यूला जबाबदार कोण? पेनिसिलिनची विक्री सर्वसामान्य बाजारांत पुरती सुरूही झाली नव्हती, तों त्याचा शोधक ही कथा सांगत होता. किंबहुना त्याच्याही आधीं, १९४० सालींच, एब्राहम व चेन ह्या दोघां संशोधकांनीं पेनिसिलिनचा नाश करणारा पदार्थ जीवाणूंत असतो हें प्रसिद्ध केलें होतें. त्या कल्पित गृहस्थाशीं आमची गांठ इतक्या वर्षांनीं, चहाच्या टेबलावर पडली, एवढेंच.

कोणी म्हणेल, एका पडशावरून एवढा गहजब कशाला? हें घर अपवाद असतें तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. २०१९ सालीं आपल्या देशांत खासगी विक्रींतून जीं प्रतिजैविक औषधें खपलीं, त्यांचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सर्वांत अधिक खपलेला प्रकार म्हणून पहिला क्रमांक लागला तो अझिथ्रोमायसीनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचाच. ह्याच २०१९ सालीं औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें मेलीं, आणि ज्या मृत्यूंशीं अशा जंतूंचा संबंध होता ते धरले तर आंकडा ४९ लाख ५० हजारांच्या घरांत जातो.

येथें आमचा वर्ग एक ठरलेलें उत्तर काढतो. तो म्हणतो, हा सगळा दोष झोंपडपट्टींतल्या अडाणी लोकांचा. ते औषध अर्धवट टाकतात, आणि भोंदू डॉक्टरांकडे जातात. ह्या उत्तराची थोडी परीक्षा करूं. क्षयरोगासारखें उदाहरण त्यासाठीं दुसरें नाहीं.

आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, क्षयानें गेल्या. त्या काळीं त्यांना देण्याजोगें औषध पृथ्वीवर नव्हतें. तें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीनच्या रूपानें सांपडलें. ब्रिटनमध्यें १९४८ सालीं त्याच्या पद्धतशीर कसोटीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतच वाईट बातमीही होती: रोगी सुधारत, पण थोड्याच महिन्यांत पुष्कळांच्या शरीरांतील जंतु त्या औषधाला जुमानीनासे होत. म्हणून दोन-तीन औषधें एकदम व दीर्घकाळ देण्याची रीत पडली. पुढें १९५६ सालीं मद्रासेस एक प्रयोग सुरू झाला. क्षयाचे रोगी दोन गटांत विभागून एक गट सॅनिटोरियममध्यें ठेवला, दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरींच औषध दिलें. खाणें निकृष्ट, विश्रांति नाहीं, हवा कोंदट. तरीही घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना लागण अधिक झाली असें दिसलें नाहीं. १९५९ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि जगभर सॅनिटोरियमचें युग मावळलें. हें काम कोण्या धन्वंतरीच्या नाडीपरीक्षेनें झालें नाहीं. रोगी मोजणें, घरोघर जाणें, गोळ्यांचा हिशेब ठेवणें, थुंकी तपासणें, रोग्याच्या पोराबाळांवर वर्षानुवर्षें नजर ठेवणें, अशा नीरस कामांतून तें झालें. आत्याबाईंच्या भाषेंत म्हणजे गटारें तपासण्यांतून.

आतां मुंबईकडे वळूं. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मुंबईंतील गरीब वस्त्यांमध्यें खासगी दवाखाना चालविणाऱ्या १०० डॉक्टरांना क्षयावर काय देतां असें विचारलें, तेव्हां ८० निरनिराळ्या चिठ्ठ्या हातीं आल्या. २०१० सालीं धारावींत १०६ डॉक्टरांना तसाच प्रश्न केला. निरनिराळ्या चिठ्ठ्या निघाल्या ६३, आणि क्षयावर बिनचूक योजना लिहिणारे निघाले अवघे ६. त्यानंतर दोन वर्षांच्या आंत, २०११ संपतां संपतां, त्याच मुंबईंतील डॉक्टरांनीं जगाला कळविलें कीं, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी आपल्यापाशीं आले आहेत. मे २०१२ मध्यें क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळविणें बंधनकारक झालें. हे चिठ्ठ्या लिहिणारे अडाणी होते काय? ज्या धंद्याला आम्ही आमच्या मुलांच्या आकांक्षांचें शिखर समजतों, त्याच धंद्यांतले ते लोक होते. झोंपडींतला रोगी औषध अर्धवट टाकतो, हें खरें आहे. पण त्याला औषध चुकीचें लिहून दिलें तें कोणी, आणि तें चुकीचें आहे हें ८० चिठ्ठ्या एकत्र करून दाखविलें तें कोणी? पहिल्याला आम्ही ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतों. दुसऱ्याचें आम्हांस नांवही ठाऊक नसतें.

ह्या उपेक्षेला इतिहासांत एक कारण आहे, आणि तें नाकारणें अन्यायाचें होईल. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत मूळचे गोव्याचे डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यांनीं आपली नवी लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. त्याच वर्षीं १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगाला बळी पडल्या. हीं तिन्ही नांवें वास्तविक सार्वजनिक आरोग्याच्या मंदिरांत पहिल्या ओळींत बसण्याच्या योग्यतेचीं. पण आमच्या घरांतून प्लेगची जी आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली, ती ह्या तिघांची नव्हे. ती घरांत बुटांसह शिरणाऱ्या गोऱ्या शिपायांची, रस्त्यावर फेंकलेल्या सामानाची आणि २२ जूनच्या रात्रीं झाडलेल्या गोळ्यांची. त्या वर्षींचा कडवटपणा खोटा नव्हता. साथीच्या नांवाखालीं माणसाची अब्रू घेण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. परंतु त्या एका आठवणीवर आम्हीं सव्वाशे वर्षें काढलीं, आणि आरोग्याधिकारी म्हणजे दार ठोठावणारा उपद्रवी मनुष्य, डॉक्टर म्हणजे दार उघडून ज्याची वाट पाहावी तो, अशी आमच्या मनाची वांटणी कायम होऊन बसली. राज्य बदललें, कायदे बदलले. ही वांटणी बदलली नाहीं. परळला हाफकिन यांच्या नांवाची संस्था उभी आहे, तिच्यावरून रोज हजारों सुशिक्षित लोक जातात. तेथें काय चालतें हें त्यांतील किती जणांना सांगतां येईल, ह्याची कोणी पैज मारूं नये.

आमच्या ह्या अभिमानी वर्गाला खरा राग केव्हां येतो तें २०१० सालीं दिसलें. स्वीडनमधील एका रोग्यानें आपल्या देशांत उपचार घेतले होते. २००८ सालीं त्याच्या शरीरांत एक असा जीवाणु सांपडला कीं, ज्यावर राखून ठेवलेलीं बलाढ्य औषधेंही चालत नव्हतीं. संशोधकांनीं त्या गुणधर्माच्या नांवांत ‘न्यू दिल्ली’ घातलें, आणि आमच्याकडे एकच गदारोळ उठला. देशाची बदनामी, परदेशी कारस्थान, इस्पितळांचा धंदा बुडविण्याचा डाव! नांव ठेवण्यांत औचित्य नव्हतें, हें आम्हांसही मान्य आहे. पण २०११ सालीं दिल्लींतील ५० नळांचें पाणी तपासलें तेव्हां २ ठिकाणीं, आणि रस्त्यावर साठलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले तेव्हां ५१ ठिकाणीं तो गुणधर्म आढळला. त्या वेळीं नळाबद्दल व गटाराबद्दल तेवढाच गदारोळ झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. नांवाची आम्हांस लाज वाटली. पाण्याची वाटली नाहीं.

“नवें औषध निघेलच कीं,” हें आणखी एक समाधान. हें बोलणाऱ्यांनीं एका अमेरिकन कंपनीची हकीकत ऐकावी. एकेजन नांवाच्या ह्या कंपनीनें दाद न देणाऱ्या जंतूंवर प्लाझोमायसीन हें नवें औषध सिद्ध केलें. २०१८ सालीं त्याला सरकारी मान्यता मिळाली. आणि २०१९ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. कारण उघड आहे. मधुमेहाची गोळी रोगी जन्मभर घेतो, रक्तदाबाची जन्मभर घेतो. नवें प्रतिजैविक मात्र शहाणा डॉक्टर कुलपांत ठेवतो, आणि अगदींच निरुपाय झाल्यावर आठ-दहा दिवसांपुरतें काढतो. जो माल न खपविणें हाच त्याचा सदुपयोग, तो माल करण्यासाठीं व्यापारी भांडवल कोण घालील? कोंबड्यांना वजन वाढावें म्हणून कोलिस्टिन चारण्याची चाल आपल्याकडे होती. माणसांसाठीं शेवटचें म्हणून राखलेलें हें औषध जनावरांच्या खाद्यांत घालण्यास २०१९ सालीं बंदी करावी लागली. बंदी झाली हें उत्तम झालें. पण कोंबडीवाल्याकडे बोट दाखवितांना आपल्या खणांतील पट्टीही त्याच पंक्तीला बसते, हें विसरून चालणार नाहीं. कायदा तेथेंही आहे. प्रतिजैविकें डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असा नियम आहे, आणि १ मार्च २०१४ पासून त्यांतील अधिक जोरकस औषधांसाठीं दुकानदारानें चिठ्ठी देणाऱ्याचें व रोग्याचें नांव वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी असेंही ठरलें आहे. केमिस्टाला पोलिसाचें भय नसेल. पण गिऱ्हाइकाचें आहे. चिठ्ठी मागितली तर कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानांत जाणारे गिऱ्हाईक कोण असतें? इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारें, मोटारींतून उतरणारें, आपलेंच.

प्रतिजैविकें मुळींच नकोत, असें आमचें म्हणणें आहे असा विपर्यास कोणी करूं नये. खेड्यांतल्या तान्ह्या मुलाला न्यूमोनिया झाला असतां साधें औषध वेळेवर न मिळाल्यानें तें दगावतें, हें आजही घडतें. तेथें औषध पोहोंचविणें हेंही त्याच सार्वजनिक आरोग्यवाल्यांचें काम आहे. ज्याला हवें त्याला मिळत नाहीं, आणि ज्याला नको तो चहाबरोबर घेतो, ही आमची तक्रार आहे. ‘कोर्स पुरा करा’ हा उपदेशही आमच्या वर्गानें सोयीस्कर पाठ केला आहे. क्षयांत तो प्राणांइतका महत्त्वाचा. पण जो कोर्स सुरूच करण्याचें कारण नव्हतें, तो पुरा केल्यानें पुण्य लागत नाहीं.

आतां त्या मुलीच्या शाखेकडे येऊं, आणि आत्याबाईंच्या गटारांकडेही. विषमज्वर, ज्याला घरांतून टायफॉइड म्हणतात, तो दूषित पाण्यानें व अन्नानें पसरतो. २०१६ पासून सिंधमधील हैदराबादेस असा विषमज्वर फैलावला कीं, नेहमींचीं बहुतेक औषधें त्यापुढें हतबल झालीं. तोंडानें घेण्याजोगें भरंवशाचें औषध राहिलें तें एकच. तें कोणतें? अझिथ्रोमायसीन! आमच्या यजमानांनीं पडशासाठीं घेतलें तेंच. आपल्याकडेही विषमज्वराचे जंतु सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गाला फार पूर्वींपासून जुमानीनासे झाले आहेत. उद्यां ही एक गोळीही गेली म्हणजे तापलेल्या मुलाला इस्पितळांत नेऊन शिरेंतून औषध चढविण्यावांचून गति राहणार नाहीं.

ह्या रोगाशीं खरी लढाई कोणी दिली? नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें २०१८ सालीं ९ महिने ते १४ वर्षें वयाच्या मुलांना विषमज्वराची नवी संयुक्त लस टोंचण्याची मोहीम काढली. पहिल्या टप्प्यांत सुमारें १ लाख १३ हजार मुलांना लस मिळाली. सार्वजनिक यंत्रणेनें ही लस देण्याची जगांतील ही पहिली मोहीम. आणि लस भारतांतच तयार झालेली. पुढें पाहणी झाली तेव्हां लस घेतलेल्या मुलांत विषमज्वर स्पष्टपणें कमी आढळला. ज्या मुलाला ताप आलाच नाहीं, त्याला गोळी लागली नाहीं. गोळी लागली नाहीं म्हणून जंतूला शिकण्याची संधि मिळाली नाहीं. हृदयावरील शस्त्रक्रियेची बातमी छायाचित्रासह छापणाऱ्या आमच्या वृत्तपत्रांतून ह्या मोहिमेला किती जागा मिळाली? आणि ती कशी मिळावी? न मेलेल्या मुलाचें छायाचित्र काढतां येत नाहीं. न आलेल्या तापाबद्दल कोणी पेढे वांटीत नाहीं. पहारा चोख असला म्हणजे चोरी होत नाहीं, आणि चोरी होत नाहीं म्हणून पहारेकरी निरुपयोगी ठरतो.

भोर समितीनें १९४६ च्या आपल्या अहवालांत सांगितलें होतें कीं, प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचें तीन महिन्यांचें शिक्षण द्यावें आणि त्यांतून ‘सामाजिक वैद्य’ निर्माण करावे. शिक्षण दिलें जातें. विद्यार्थी त्या तासांना डुलक्या घेतात, कारण त्यांना आईबापांनीं घरींच शिकवून पाठविलेलें असतें कीं हा विषय पास होण्यापुरता. सरकारलाही दोष दिलाच पाहिजे. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत जंतूंचें कल्चर करणारा माणूस आज असतो तर उद्यां नसतो. कल्चर नाहीं म्हणून डॉक्टर अंदाजानें औषध देतो, आणि अंदाज म्हणून सर्वांत जालीम तेंच देतो. साथींचे आंकडे जमविणारे, घरोघर जाणाऱ्या परिचारिका, क्षयाच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणारे, ह्यांतील कित्येकांची नोकरी करारावरची. साथ आली म्हणजे त्यांच्यावर फुलें उधळावयाचीं, आणि ओसरली म्हणजे करार संपवावयाचा. पण सरकार असें वागूं शकतें, कारण त्याबद्दल त्याला जाब विचारणारा कोणी नाहीं. महाविद्यालयाच्या फीबद्दल, पेट्रोलच्या दराबद्दल, घरपट्टीबद्दल वृत्तपत्रांकडे पत्रें धाडणारा आमचा वर्ग आरोग्य-खात्यांतील रिकाम्या जागांबद्दल एक ओळही लिहीत नाहीं. ज्या नोकरींत आपलीं मुलें जावयाचीच नाहींत, तिच्या पगाराची त्याला काय फिकीर?

त्या दिवशीं निघतां निघतां आम्हीं त्या मुलीला विचारलें कीं, हा मार्ग तूं कां धरलास? कांहीं थोर उत्तर मिळेल अशी आमची अपेक्षा होती. ती म्हणाली, इंटर्नशिपमध्यें एका वॉर्डांत एकाच आठवड्यांत एकाच जंतूनें तीन नवजात मुलें गेलीं. सर्वजण पुढचें औषध कोणतें ह्याची चर्चा करीत होते, आणि जंतु येतो कोठून हें विचारणारी एकच बाई होती. त्या बाईनें हात धुण्याचें बेसिन तपासावयास लावलें. जंतु तेथेंच सांपडला. ती बाई पी. एस. एम. खात्याची होती.

“आणि तिला पगार काय मिळत होता?” आत्याबाईंनीं आंतून विचारलें.

मुलीनें आंकडा सांगितला. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावरची होती, असेंही सांगितलें.